सुपड्याची जाळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती असताना कितीदा तरी ओठांवर आलं, आणि दर वेळी मी चहा मागितला. मुलांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं — ते मला जमलं नसतं, आणि आता या वयात जमेल असंही वाटत नाही.

सुरुवात कुठून करू? आगीपासून केली तर तुम्हाला सगळं लगेच कळेल, आणि कळलं की तुम्ही पुढचं ऐकणार नाही. म्हणून हवेपासून करतो. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली वर्षं. आमचं घर आंजीचं, शेतीचं. वडिलांनी एक जुनी मोटार घेतली होती — काळी, चार दारांची, युद्धाच्या आधीची — आणि ती भाड्यानं चालायची. आंजी ते वर्धा, वर्धा ते आंजी. दवाखाना, कचेरी, लग्नाची वरात, स्टेशनावरचे पाहुणे. चालवायचो मी. इंटर सायन्सला दोनदा बसून दोनदा नापास झालो होतो, त्यामुळे गावानं मला ‘इंजनेर’ हे नाव देऊन टाकलं होतं. कौतुकानं की टोमण्यानं, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून.

तुम्ही आमच्याकडचा मे महिना पाहिला असेल तर पुढचं सोपं जाईल. दुपारी दोनच्या सुमारास रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. अशा वेळी ती मोटार हमखास बंद पडायची. टाकीतलं पेट्रोल नळीतून पुढे येता येता उकळायचं, नळीत वाफ धरायची, इंजिन दोन आचके द्यायचं आणि गप्प. मग बॉनेट उघडा, नळीवर ओला फडका ठेवा, आणि लिंबाखाली बसून वाट बघा. प्रवासी सल्ले द्यायचे. एकानं तर कांदा फोडून ठेवायला सांगितला होता. मोटारीला ऊन लागलंय म्हणून.

मला राग यायचा नाही. मला नवल वाटायचं. चालत्या मोटारीत खिडकीतून हात बाहेर काढला तर वारा लागतो — मग तोच वारा चार बोटं पलीकडे, बॉनेटखाली, का पोचत नाही? जातो कुठे तो?

आईची टकळी होती, तेव्हा घरोघरी असायची. तिच्या सुताचे वीतभर तुकडे कापून मी बॉनेटवर डिंकानं ओळीनं चिकटवले आणि मोटार पळवली. हवा दिसत नाही, पण सूत दिसतं. काय सांगू तुम्हाला — पुढच्या बाजूचे तुकडे आज्ञाधारकपणे मागे पडून राहिले होते, काचेजवळचे मात्र गोल गोल नाचत होते, आणि मधले काही उलटे, पुढच्या बाजूला वळत होते. पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर. ते बघण्याच्या नादात मी एक म्हैस उडवणार होतो. म्हशीच्या मालकानं मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही, पण त्या क्षणी मी जगातला सुखी माणूस होतो.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी बॉनेट कापलं.

वर्ध्याला चांदभाई म्हणून पत्र्याचं काम करणारे होते. त्यांच्याकडून मी जाड पत्र्याचं एक तोंड करून घेतलं — पुढे रुंद, मागे निमुळतं — आणि कापलेल्या भोकावर बसवलं. त्याच्याखाली पत्र्याचाच एक पसरट डबा, कार्ब्युरेटरच्या भोवती. इंजिनाच्या श्वासासाठी कंपनीनं बसवलेला हवा गाळायचा डबा मी आधीच काढून टाकला होता, त्यानं घोट अडतो असं माझं मत होतं. आता समोरची थंड हवा थेट आत. चांदभाईंनी शेवटचा हातोडा मारला, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “बाबू, अब इसको मफलर भी दिला दो. सर्दी हो जाएगी.”

गावात त्याला नाव पडलं ‘सुपडं’. दिसायचंही तसंच. बॉनेटवर पालथं घातलेलं सूप. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. एका म्हातारीनं मोटारीत बसण्यापूर्वी चौकशी केली, “हे काय खाते रे बापू?” मी म्हटलं, हवा. तर म्हणाली, “मंग बरं हाय. वैरणीचा खर्च नाई.”

आणि ते चाललं. हे सांगताना अजून मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची लाज वाटते. भर मे महिन्यात, दुपारी दोनला, सात माणसं कोंबून मी वर्ध्याहून आंजीला आलो, एकदाही न थांबता. उतरल्यावर कार्ब्युरेटरवर हात ठेवला. हात ठेवता आला, एवढंच सांगतो. ज्यांनी तसा हात कधी भाजून घेतलाय त्यांना कळेल.

एक गोष्ट राहिली. सुपड्याच्या तोंडाला जाळी होती. पिठाच्या चाळणीची बारीक जाळी, पत्र्याच्या चौकटीत, स्क्रूनं बसवलेली. धूळ, पाचोळा, किडे आत जाऊ नयेत म्हणून. ती जाळी लक्षात ठेवा.

आता कवडूबद्दल सांगायला हवं.

कवडू माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. गावातल्या एका पाटलांकडे सालदार — म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. बंडी — आमच्याकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात — हाकण्यात त्याच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. कापसाची बंडी भरायची तर कवडूनंच, वाट खराब असली तर पुढे कवडूचीच बंडी. बैल त्याच्याशी बोलायचे असं लोक म्हणायचे. तो म्हणायचा, “बोलत नाईत. आयकतेत. मानसापेक्षा तेच बरं हाय.”

गावानं सुपड्याला हसून घेतलं. कवडू हसला नाही. तो मोटारीभोवती फिरला, वाकला, सुपड्यात डोळा घातला. मग म्हणाला, “इंजनेर, चालते तवा हवा आत जाते, हे समजलं. उभी राह्यली का कोठी जाते?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. खरंच सुचला नव्हता. मी नुकताच वर्ध्याहून आलो होतो, इंजिन तापलेलं होतं. कवडूनं खिशातून — त्याच्या खिशात कापूस नेहमीच असायचा — एक पुंजका काढला, पिंजून हलका केला आणि सुपड्याच्या तोंडाशी धरून सोडला. पुंजका वर गेला. अगदी सावकाश, कुणीतरी बोटांनी उचलल्यासारखा. आमच्या डोक्यांवरून गेला, बाभळीपर्यंत गेला, काट्याला अडकला. चालत्या मोटारीत जे तोंड हवा आत घेत होतं, तेच थांबल्यावर धुराडं झालं होतं. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसत सुटलो. कवडू म्हणाला, “आखीन एक,” आणि दुसरा पुंजका काढला. किती सोडले कोण जाणे. बाभूळ पांढरी झाली.

मला वाटतं, त्या गावात कुतूहल असलेली आम्ही दोनच माणसं होतो. म्हणून पुढचं सांगणं जड जातं.

कापसाचे दिवस आले. तेव्हा पहाटेपासून बंड्या निघायच्या, एकामागे एक, वर्ध्याच्या बाजाराकडे. कापूस काठोकाठ रचलेला, वरून जुनी गोणपाटं. वाऱ्यानं तंतू उडायचे आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या व्हायच्या. रस्त्याच्या कडेलाही पांढरं. त्या रस्त्यानं मोटार गेली की मागे तंतूंचं वादळ.

बंडीवाल्यांचा एक रिवाज होता. गावाच्या शिवेपासून वर्ध्याच्या अलीकडच्या विहिरीपर्यंत कुणी बिडी पेटवायची नाही. कापूस आहे ना. पण तलफ तर असते. म्हणून प्रत्येक जण निघताना एक बिडी कानावर ठेवायचा आणि तिचा वास घेत जायचा. विहिरीवर बैल सोडले की सगळे एकदम पेटवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, विहिरीलाच धूर फुटलाय.

त्या सकाळी मी एकटाच वर्ध्याला निघालो होतो, स्टेशनावरून एक कुटुंब आणायचं होतं. विहिरीच्या बरंच अलीकडे बंड्यांची रांग लागली. सगळ्यांत मागे कवडूची बंडी. कवडू डुलक्या घेत होता — सगळेच घेतात, बैलांना वाट माहीत असते. मी बाजूनं काढायला गेलो, जागा पुरली नाही, त्याच्या बंडीलगत थांबलो. एवढ्यात बंडीतून धूर निघाला आणि बघता बघता भडका उडाला. कवडू खाली उडी मारून पुढे धावला. बैल बिथरले होते. त्यानं जाळात हात घालून जोताचे दोर ओढले, सुटेनात तेव्हा तोडले. बैल वाचले. त्याचे हात कोपरापर्यंत भाजले. पुढचे बंडीवाले धावत आले तोवर कापूस गेला होता, बंडी जळत होती. मी मोटारीतलं पाण्याचं डबडं त्याच्या हातांवर ओतलं, त्याला मोटारीत घातलं आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

हे जे वर सांगितलं, ते मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं. त्यात एक शब्द खोटा नाही. तपासून बघा हवं तर.

आता जे सांगितलं नाही ते.

कापसाचा मोसम सुरू झाल्यापासून सुपड्याची जाळी सारखी तुंबत होती. दर खेपेला तंतूंचा जाड थर बसायचा, नमद्यासारखा. इंजिन गुदमरायचं, काळा धूर टाकायचं. मी कुंचल्यानं झाडायचो. मग एक दिवस मनात आलं — जाळीशिवाय कशी चालते, पाहू तरी. ‘पाहू तरी’ हे माझं आवडतं वाक्य होतं. स्क्रू काढले, जाळी सीटखाली टाकली. मोटार काय पळाली म्हणून सांगू. मी ती पुन्हा बसवलीच नाही.

तुम्ही विचाराल, कापूस आत जाईल हे लक्षात आलं नाही का? आलं होतं ना. जाळीवरचा थर मी रोज हातानं काढत होतो. जेवढा कापूस बाहेर अडकत होता तेवढाच आता आत जाणार, हे कळायला इंटर पास व्हावं लागत नाही.

त्या सकाळी कवडूच्या बंडीलगत थांबताना इंजिन अडखळलं. मी अॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनानं कार्ब्युरेटरमधून उलटा भडका मारला — आम्ही त्याला इंजिनाची शिंक म्हणायचो. एरवी काही होत नाही, फट् आवाज होतो. पण त्या दिवशी डब्यात कापूस साचला होता. पेट्रोलच्या वासात भिजलेला. इंजिन बंद पडलं आणि बॉनेटखालून करपट वास आला. आणि मग सुपड्यातून एक पुंजका वर आला, कडेनं लाल.

तो सावकाश वर आला. अगदी तसाच. कुणीतरी बोटांनी उचलल्यासारखा.

मी काचेतून बघत होतो. ओरडायला हवं होतं — कवडूभाऊ, ऊठ, एवढेच दोन शब्द. बंडी हाताच्या अंतरावर होती. मी ओरडलो नाही. घाबरून थिजलो होतो का? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी थिजलो नव्हतो. मला बघायचं होतं तो कुठवर जातो. त्या क्षणी मला कवडू दिसत नव्हता, कापूस दिसत नव्हता. हवेत एक लाल कड तरंगत होती आणि मला तिची वाट बघायची होती. ती गोणपाटाच्या घडीत उतरली. तेव्हाही तिथे बोट ठेवलं असतं तर विझली असती.

माझ्या डब्यातला जाळ आपोआप विझला. सुटा कापूस, क्षणात जळून गेला. मोटारीला काही झालं नाही.

कवडूला दवाखान्यात आत नेलं आणि मी आवारात उभा राहिलो. मग मी बॉनेट उघडलं. डब्यातली काजळी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. सीटखालची जाळी काढली, सुपड्याच्या तोंडाला लावली आणि एकेक स्क्रू पिळला. आत कवडू कण्हत होता, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. हे काम मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, आणि ते करताना काय करतो आहे हे मला पुरतं ठाऊक होतं.

दुपारी पाटील आणि एक हवालदार आले. मोटार बंडीजवळ होती हे कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी सुपडं बघितलं. हवालदारानं जाळीवरून बोट फिरवलं. “यातून मुंगी नाई जात,” तो म्हणाला. मग मला विचारलं, “तुमी बाजूले होते. त्याच्यापाशी बिडी होती?”

मी म्हटलं, “होती. कानावर.”

हवालदार बाहेरगावचा होता. कापसाच्या रांगेत सगळ्यांच्याच कानावर बिडी असते, आणि ती न पेटवण्यासाठीच असते, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. पाटलांनाही होतं, ते का बोलले नाहीत ते त्यांचं त्यांच्यापाशी. आणखी एका वाक्यानं मी कवडूची बाजू मांडू शकलो असतो, पण त्या दोन शब्दांवर थांबून मी त्याला बुडवलं. होती. कानावर. खरं बोलून खोटं कसं सांगतात, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि कुणी शिकवावं लागलं नाही.

कवडूनं काय करावं? त्याला विचारलं तेव्हा हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्यानं बांधलेला हात कानापर्यंत नेऊन पाहिला. म्हणाला, “डुलकी लागली होती. झोपीत हात आपल्या मनानं कानाकडे जाते कधी कधी. मले आठवून नाई राह्यलं.” मग म्हणाला, “असंन. मीच पेटवली असंन.”

पोलिसांचं प्रकरण पुढे गेलं नाही. गावाचं मात्र कायमचं झालं. पाडव्याला सालदार ठेवायचे-सोडायचे असतात. पाटलांनी त्याला सोडलं. दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. कापसाची बंडी तर त्याच्या हातात पुन्हा कुणी दिलीच नाही, खराब वाटेवर ज्याची बंडी एकेकाळी सगळ्यांत पुढे असायची. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला, भाजलेल्या हातांची कातडी पुरती मऊ झालेली नसताना. कापसाच्या दिवसांत बंड्या निघायच्या तेव्हा तो ओट्यावर बसून बघायचा. पारावर कुणी बिडी काढली की दुसरा म्हणायचा, “थांब लेका, कवडूले आधी लांब बसू दे.” लोक हसायचे. कवडूही हसायचा. त्यानं बिडी त्या दिवशी सोडली ती सोडलीच.

मी सुपडं काढून टाकलं. बॉनेटवर पत्रा ठोकून घेतला. चांदभाईंनी विचारलं, “इतना अच्छा तो चल रहा था?” मी म्हटलं, दिसायला वाईट दिसतं.

आणि मी कोण होतो गावात? मी कवडूला वेळेवर दवाखान्यात नेणारा. त्याचे हात वाचले ते माझ्यामुळे, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते, आणि ते त्यानं मनात धरून ठेवलं. दर दिवाळीला तो माझ्याकडे सीताफळं घेऊन यायचा. आधी आंजीला, नंतर मी वर्ध्याला राहायला गेलो तर तिथे. टोपलीत भाताचं तणस, त्यात एकेक फळ बसवलेलं, डोळे उघडलेली, पिकायला एक दिवस कमी. बायको म्हणायची, “काय माया आहे हो या माणसाची तुमच्यावर.” मी ती फळं खायचो. गोड होती.

असं किती वर्षं चाललं ते मोजत नाही. शेवटच्या वेळी तो आला तेव्हा काठी टेकत आला होता. नातू बस स्टँडवर थांबला होता, त्याला म्हणाला होता, मी एकटा जातो. ओट्यावर बसला. पाणी प्यायला. सीताफळांची टोपली मांडीजवळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, “इंजनेर, एक इचारू का? रागाऊ नका.”

मी म्हटलं, विचार ना कवडूभाऊ.

“तुमी अगदी बाजूले होते त्या दिशी. तुमाले दिसलं असंन. मी कानावरची बिडी हातात घेतलती का?” मी रिकामा पेला उचलला, तर तोच पुढे म्हणाला, “कोनाले सांगाचं नाई आता. कोन रायलं? पाटील गेले, हवालदार गेला असंन. घेतली असंन तर घेतली म्हना. मले काई वाटनार नाई. मले नुसतं पाह्याचं हाय का मी काय केलतं. डोळे मिटले का तिथवर येतो, डुलकीपर्यंत, आन् पुढं नुसता जाळ. मधलं काई दिसतच नाई. जन्मभर पाह्यतो हाय.”

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी ते मला ओळखू आले. बाभळीवर पुंजका अडकला तेव्हा जे डोळे वर बघत होते तेच. त्याला शिक्षा नको होती, माफी नको होती. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. हा एकच माणूस माझ्यासारखा होता, आणि जे त्याला हवं होतं ते जगात फक्त माझ्याकडे होतं. तिथे भीती कसली होती? मला कोण काय करणार होतं? बायको आत चहा टाकत होती. बाहेर रस्त्यावरून ऑटो जात होता. मी म्हटलं, “आठवत नाही, कवडूभाऊ. धूर होता ना फार.”

“हो,” तो म्हणाला. “धूर होता.” मग टोपली माझ्याकडे सरकवली. “उद्या खाजा. आज कच्ची हायेत.”

पुढच्या दिवाळीला टोपली आली, ती त्याचा मुलगा घेऊन आला. मारोती. बापाची शेवटची इच्छा म्हणून. चहाबरोबर मी त्याच्यासमोर सुपारीचं तबक ठेवलं, एका पाहुण्यानं विसरलेली बिड्यांची जुडी त्यात होती. मारोतीनं तबक हळूच दूर सारलं. “आमच्या घरी चालत नाई,” तो म्हणाला. “बाबाच्या हातून बंडी जळलती ना. तवापासून घरातला मानूस बिडीले हात लावत नाई. पोरंही नाईत. सुनेले आनतानी आमी आधी सांगतो.” हे तो अभिमानानं सांगत होता. बापाची चूक घरानं अशी फेडली, म्हणून. माझी जाळी त्या घराचा रिवाज होऊन बसली आहे. तेव्हाही मी चहा पुढे केला.

हे लिहून झालं की आंजीला जाऊन मारोतीला स्वतः वाचून दाखवणार आहे. बस सकाळची आहे. तो काय म्हणेल ते म्हणेल. पण त्याच्या आधी, उशीर झाला असला तरी, कवडूनं विचारलं होतं त्याचं उत्तर इथे देतो, कारण विचारलं होतं त्यानं.

दवाखान्याच्या पायरीवर तुला उतरवलं, तेव्हा तुझं मुंडासं सुटलं, कवडूभाऊ. बिडी तुझ्या कानावरून खाली पडली. मी उचलली. अख्खी होती, टोकाचा दोरासुद्धा सुटला नव्हता. ती मी खिशात घातली आणि मग जाळी बसवायला गेलो.